उद्योजकतेचा पेपर शिकवून मुलांचा धंद्याकडे ओढा खरंच वाढतो का? आणि तो मोजायचा कसा?

वाणिज्य_विभाग

नमस्कार मंडळी. बीबीएच्या दुसऱ्या वर्षाचा उद्योजकतेचा ४ क्रेडिटचा पेपर पुढच्या सत्रासाठी नव्याने बांधायचा आहे. कॉलेज जिल्ह्याच्या ठिकाणी आहे, वर्गात साधारण ६० जण. काही शेतकरी घरातले, काहींच्या घरी किराणा, डेअरी किंवा खत-बियाण्यांचं दुकान, बाकीच्यांचे आईवडील नोकरदार. जुन्या पेपरमध्ये व्याख्या, उद्योजकाचे गुण, सरकारी योजनांची यादी आणि शेवटी एक प्रकल्प अहवाल एवढंच होतं. परीक्षेत मुलं ते गुण घडाघडा लिहितात आणि पदवी झाली की बँकिंगच्या नाहीतर एमपीएससीच्या क्लासची वाट धरतात.

प्राचार्यांना सत्राअखेरीस आकडा हवा आहे: उद्योजकतेची आवड किती टक्क्यांनी वाढली. तर असा आकडा प्रामाणिकपणे काढता येतो का, पेपरमधल्या कुठल्या भागाने खरा फरक पडतो, आणि मुलांकडून प्रत्यक्ष विक्री करून घ्यायची झाली तर कुठे घोळ होतो? ज्यांनी हे शिकवलंय किंवा यावर संशोधन केलंय त्यांनी कृपया तपशिलात लिहावं.

प्रमाण_विचलन

आकडा काढता येतो. त्याचा अर्थ लावताना मात्र बहुतेक अहवाल फसतात, म्हणून आधी तेच सांगतो.

नेहमीची पद्धत अशी: ज्यांनी उद्योजकतेचा पेपर घेतला त्यांची आवड आणि ज्यांनी नाही घेतला त्यांची आवड यांची तुलना करायची. पहिल्यांची जास्त निघते आणि श्रेय पेपरला जातं. पण ऐच्छिक पेपर मुळात धंद्याची ओढ असलेलीच मुलं निवडतात. २०१४ मध्ये बे नावाच्या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी ७३ अभ्यास, म्हणजे ३७,२८५ जणांची माहिती एकत्र केली. शिक्षण आणि उद्योजकतेचा इरादा यांच्यातला सहसंबंध निघाला फक्त ०.१४३ (० म्हणजे काहीच संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण संबंध). आणि शिक्षणाआधी असलेला इरादा हिशेबात धरल्यावर तेवढाही ठाम राहिला नाही. पूर्वचाचणी, म्हणजे पेपर सुरू होण्याआधीची मोजणी, न घेता काढलेल्या कुठल्याही टक्केवारीवर म्हणूनच विश्वास ठेवू नका.

दुसरी गोष्ट प्राचार्यांना आधीच सांगून ठेवा: आकडा खालीही जाऊ शकतो. नेदरलँड्समधल्या आवान्स या उच्चशिक्षण संस्थेत हे नीट तपासलं गेलं. ब्रेडाच्या शाखेत मुलांनी वर्षभर छोटी कंपनी चालवण्याचा कार्यक्रम होता, डेन बॉशच्या शाखेत नव्हता. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार कौशल्यांवर ठळक परिणाम दिसला नाही आणि उद्योजक होण्याचा इरादा कमी झाला. त्याच वर्षी म्युनिकच्या विद्यापीठातला अभ्यास आला. तिथे व्यवसाय आराखड्याचा पेपर सक्तीचा होता. मुलांना आपली कौशल्यं वाढल्यासारखी वाटली, पण सरासरी इरादा थोडा उतरला. संशोधकांनी लावलेला अर्थ मला पटतो: पेपरमुळे मुलांना स्वतःबद्दल माहिती मिळते. आपल्याला हे जमेल का, आवडेल का, याचा अंदाज पक्का होतो. काठावरची मुलं 'हो' किंवा 'नाही'कडे सरकतात. 'नाही'कडे गेलेली जास्त असली की सरासरी पडते, पण शिकवण्याचं काम झालेलंच असतं.

त्यामुळे नुसत्या सरासरीवर थांबू नका. प्रत्येकाचा आधीचा आणि नंतरचा गुण शेजारी मांडा आणि किती जण मधल्या 'सांगता येत नाही' पट्ट्यातून बाहेर पडले ते मोजा. प्रश्नावली नवी बनवू नका. लिन्यान आणि चेन यांची २००९ ची प्रश्नावली स्पेन आणि तैवानमध्ये तपासलेली आहे. तिच्यात इराद्याची सहा विधानं आहेत, १ ते ७ च्या मोजपट्टीवर. तिचा पाया आयझेन यांची १९९१ ची मांडणी. इरादा तीन गोष्टींवर उभा असतो: त्या कामाबद्दलचं आपलं मत, जवळच्या लोकांना ते कसं वाटेल याचा अंदाज, आणि 'मला हे जमेल' हा विश्वास. या तिन्हींचे गुण वेगवेगळे काढा, म्हणजे पेपरने नेमकं काय हललं ते दिसेल. मराठी भाषांतर करताना एकाने मराठीत करावं, दुसऱ्याने मूळ न पाहता परत इंग्रजीत करावं आणि मग दोन्ही ताडून बघावं.

प्रत्यक्षात घोळ होतो तो इथे:

नाव लिहून घेतलं आणि शिकवणारेच फॉर्म गोळा करत असले की मुलं सर-मॅडमना आवडेल ते लिहितात. त्याऐवजी प्रत्येकाने स्वतःचा कोड लिहावा: आईच्या नावाचं पहिलं अक्षर, जन्मतारखेचे दोन अंक, मोबाइलचे शेवटचे दोन अंक. दोन्ही वेळा कोड तोच येतो आणि ओळख लपते. फॉर्म दुसऱ्या विभागातल्या कुणीतरी गोळा करावेत.

पूर्वचाचणी पहिल्या तासाच्या आधी घ्या. तिसऱ्या आठवड्यात घेतलेली पूर्वचाचणी कामाची नाही, तोवर पेपरचं वारं लागलेलं असतं.

सुरुवातीला ६० फॉर्म आणि शेवटी ४१ असं झालं तर दोन्ही सरासऱ्या थेट ताडू नका. कंटाळून गळालेली मुलं शेवटच्या सरासरीत नसतात, त्यामुळे ती फुगते. दोन्ही वेळा भरलेल्यांच्याच जोड्या घ्या आणि गळालेल्यांचे पूर्वचाचणीचे गुण वेगळे द्या.

फिरता_माल

वरचं सगळं मान्य. मी पेपरच्या रचनेबद्दल लिहिते.

पहिली मागणी: चारही क्रेडिट थिअरीचे ठेवू नका. थिअरीचा एक क्रेडिट १५ तासांचा आणि प्रात्यक्षिकाचा ३० तासांचा. दोन-दोन अशी वाटणी केली तर ३० अधिक ६० असे ९० तास हाताशी येतात. विक्रीला, हिशेबाला आणि चुका दुरुस्त करायला तेवढे लागतातच. अभ्यास मंडळासमोर जाताना वाटणीचा ठराव आधी मंजूर करून घ्या, नाहीतर वेळापत्रकात प्रात्यक्षिकाला जागाच उरत नाही.

गट चार जणांचे. दहाच्या गटात दोघं राबतात आणि आठ जण सही करतात. गट पाडताना घरी दुकान किंवा धंदा असलेली मुलं प्रत्येक गटात एकेक वाटा. त्यांना एकत्र बसू दिलंत तर एक-दोन गट जोरात आणि बाकीचे अंधारात चाचपडत राहतात. याला चांगला आधार आहे. हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये विद्यार्थ्यांच्या तुकड्या शाळाच ठरवते. लर्नर आणि माल्मेंडियर यांनी दाखवलं की ज्या तुकडीत आधी धंदा केलेले सहाध्यायी जास्त, तिथे पदवीनंतर धंदा सुरू करणारे कमी निघाले. पण जे घटले ते बहुतांशी न टिकणारे धंदे होते. म्हणजे अनुभवी सोबती कच्च्या कल्पनेला वेळीच प्रश्न विचारतो. किराणा दुकानात बसलेल्या मुलाला उधारी किती दिवसांनी वसूल होते हे ठाऊक असतं, आणि ते ज्ञान गटात पोचलं पाहिजे. फक्त खरेदी आणि हिशेब दोन्ही त्याच्याच गळ्यात पडू देऊ नका. दर तीन आठवड्यांनी कामं फिरवा.

भांडवल विभागाने उसनं द्यावं, गटाला १,५०० रुपये, परतफेडीच्या अटीवर. घरून पैसे आणायला परवानगी दिलीत की सधन घरच्या मुलांचा गट जिंकतो आणि बाकीच्यांना 'धंदा पैसेवाल्यांचा' हाच धडा मिळतो.

पहिले दोन आठवडे गट आणि माल ठरवण्यात जातील. पुढचे दोन आठवडे गिऱ्हाइकांशी बोलायचं, गटामागे किमान २० अनोळखी माणसं. "आम्ही हे आणलं तर घ्याल का?" हा प्रश्न बंद करा. समोरचा भिडेखातर हो म्हणतो. विचारायचं ते असं: शेवटचं कधी घेतलंत, कुठून, केवढ्याला, त्यात काय खटकलं? पाचव्या आठवड्यात कॉस्टिंग, म्हणजे मालाचा खरा खर्च मांडणं. सहाव्यापासून अकराव्यापर्यंत विक्री, किमान तीन फेऱ्यांत, आणि प्रत्येक फेरीनंतर माल, किंमत किंवा जागा यातलं एक काहीतरी बदलायचं. उरलेले आठवडे हिशेब, तोंडी परीक्षा आणि 'पुढे चालवायचं की बंद करायचं' हा लेखी निर्णय, कारणांसकट.

गॅदरिंगमधला खाऊचा स्टॉल हा प्रकार यात धरू नका. तिथे जागा फुकट, वीज फुकट, गिऱ्हाईक अडकलेलं. नफा होतोच, आणि मुलांना वाटतं आपल्याला धंदा जमला. निम्मी विक्री तरी कॉलेजबाहेर आणि ओळखीबाहेर झाली पाहिजे. आठवडी बाजार, एसटी स्टँडबाहेरची दुकानं, सोसायट्या, काहीही चालेल.

गुण मात्र नफ्यावर कधीही देऊ नका. तसे दिलेत की मामा-मावशी माल उचलतात आणि खोटी बिलं येतात. माझी वाटणी अशी असते: रोजकीर्द (रोजच्या जमाखर्चाची वही) आणि बिलं जुळतात का, याला ३०. गिऱ्हाइकांच्या मुलाखतींच्या नोंदींना २०. फेरीगणिक काय बदललं आणि का, याला ३०. शेवटच्या निर्णयाच्या कारणांना २०. तोटा झालेल्या गटालाही पैकीच्या पैकी मिळू शकतात, हे पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहा.

ताळेबंद

कॉस्टिंगचा आठवडा एकच ठेवलाय तो दोन करा. मुलांचे प्रकल्प अहवाल बँकेच्या टेबलावर पडतात ते इथेच.

उदाहरण म्हणून चकलीचं पाव किलोचं पाकीट घ्या. छापील किंमत १२० रुपये, भाजणी आणि तेल ४८. मुलं लिहितात: नफा ७२. आता खरं मांडा. कच्चा माल ४८, पाकीट आणि लेबल ९, गॅस ६, करणाऱ्याची मजुरी २०, एकूण ८३. दुकानदाराचं कमिशन २० टक्के म्हणजे २४. उरले १३. शंभर पाकिटांत सहा मोडली किंवा परत आली, तर ९४ पाकिटांचे १,२२२ मिळतात आणि सहांचे ४९८ बुडतात. हातात ७२४, म्हणजे बनवलेल्या पाकिटामागे सात रुपये आणि वर काही पैसे. स्वतःची मजुरी न धरणं ही सगळ्यात महाग चूक. ती वर्गात नजरेआड होते, पण माणूस ठेवायची वेळ आली की धंदाच बसतो.

त्यानंतर रोकड. आठवड्याला शंभर पाकिटं, मजुरी सोडून ६,३०० रुपये बाहेर जातात. दुकानदार महिन्याने पैसे देतो. म्हणजे पहिला रुपया यायच्या आधी २५,२०० अडकले. कागदावर नफा आणि गल्ला रिकामा, ही स्थिती मुलांनी एकदा स्वतःच्या वहीत पाहिली पाहिजे. खाद्यपदार्थ विकणार असाल तर एफएसएसएआयची, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी आधी करून घ्या.

योजनांबद्दल. यादी पाठ करून घेण्याऐवजी एकच योजना आकड्यांत सोडवून घ्या. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात उत्पादनासाठी प्रकल्प ५० लाखांपर्यंत आणि सेवेसाठी २० लाखांपर्यंत. सर्वसाधारण प्रवर्गाला स्वतःचा हिस्सा १० टक्के, अनुदान शहरात १५ आणि ग्रामीण भागात २५ टक्के. महिला, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग वगैरे विशेष प्रवर्गाला हिस्सा ५ टक्के, अनुदान २५ आणि ३५. ग्रामीण भागातला सर्वसाधारण प्रवर्गातला ५ लाखांचा प्रकल्प घ्या: स्वतःचे ५० हजार, बँकेचे साडेचार लाख, अनुदान सव्वा लाख. मुलांचा ठाम समज असतो की सव्वा लाख हातात येतात. ते येत नाहीत. रक्कम तीन वर्षं ठेवीत राहते आणि युनिट चालू असल्याची तपासणी झाल्यावर कर्जात वळती होते. हे अनुदान फक्त नव्या युनिटला आहे.

शिवाय तिथे पदवी मागत नाहीत. उत्पादनात १० लाखांवरच्या आणि सेवेत ५ लाखांवरच्या प्रकल्पाला आठवी पास पुरते. बँकेचा अधिकारी बघतो तो कोटेशन, जागेचा कागद, आधीची कर्जफेड आणि हप्ता भरून उरतं का ते. जिल्हा उद्योग केंद्रातल्या किंवा एमसीईडीच्या (महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्राच्या) माणसाला व्याख्यानाला न बोलावता मुलांचे अहवाल तपासायला बोलवा. लाल पेन त्यांच्या हातात द्या.

करवीर

मला प्रमाण_विचलन यांच्या एका मुद्द्याला पुरवणी जोडायची आहे आणि एक वेगळं मत मांडायचं आहे.

वेगळं मत असं, की प्रेरणेला तुम्ही सगळ्यांनी फार कमी लेखलंय. सुइटारिस आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये लंडन आणि ग्रनोबलच्या विज्ञान-अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांवर अभ्यास केला. पेपरनंतर इरादा वाढला होता, आणि तो शिकलेल्या माहितीमुळे किंवा मिळालेल्या सोयींमुळे नव्हे, तर मन हलल्यामुळे. म्हणून पाहुणा कोण हे महत्त्वाचं आहे. मुंबईहून आलेल्या मोठ्या उद्योगपतीचं भाषण टाळ्या घेतं, पण ऐकणाऱ्याला तो आपल्यातला वाटत नाही. त्यापेक्षा त्याच तालुक्यातला, धंद्याला तीन-चार वर्षं झालेला माणूस आणा, त्याच्या वहीसकट. त्याच्याबरोबर धंदा बंद केलेला एक जण आणि धंदा चालवणाऱ्या दोन बायका तरी हव्यातच. मुलींना 'हे जमेल' असं वाटायला दुसरं काही एवढं उपयोगी पडत नाही.

पुरवणी अशी, की जवळच्या लोकांच्या मताचा गुण बहुतेक वर्गांत हलत नाही, कारण पेपर घरापर्यंत जातच नाही. नोकरदार घरात 'आधी नोकरी बघ' हे वाक्य मुलाच्या सगळ्या इराद्यावर भारी पडतं. शेवटच्या तोंडी परीक्षेला पालकांना बसवा. मुलगी रोजकीर्द उघडून तोटा का झाला ते समजावून सांगते, तेव्हा घरची भीती 'पैसे बुडतील' इथून 'किती बुडतील' इथे येते. त्या संख्येवर बोलता येतं.

आणि इरादा विचारताना काळ विचारा. २०२१ च्या जागतिक विद्यार्थी पाहणीत, जिला गेस म्हणतात, शिक्षण संपल्याबरोबर उद्योजक व्हायचं म्हणणारे १७.८ टक्के होते आणि पाच वर्षांनी व्हायचं म्हणणारे ३२.३ टक्के. अमेरिकेत तर कंपनी सुरू करणाऱ्यांचं सरासरी वय सुमारे ४२ निघालं आहे. तुमचा विद्यार्थी आधी बँकेत लागला म्हणून पेपर वाया गेला असं समजू नका.

वाणिज्य_विभाग

सगळ्यांचे मनापासून आभार, यातलं बरंच उद्याच्याच बैठकीत मांडणार आहे. दोन शंका राहिल्या. तुलनेसाठी दुसरा गट कुठून आणू? आमच्याकडे तुकडी एकच आहे आणि पेपर सक्तीचा. आणि विक्रीसाठी मुलं बाहेर गेली की हजेरीचा प्रश्न येतो, त्याला नियमाचा आधार आहे का?

प्रमाण_विचलन

चिठ्ठ्या टाकून अर्ध्यांना तिसऱ्या सत्रात आणि अर्ध्यांना चौथ्या सत्रात हा पेपर द्या, दुसरा एखादा पेपर त्याच्याशी अदलाबदल करून. तिसऱ्या सत्राच्या सुरुवातीला आणि शेवटी सगळ्या ६० जणांकडून प्रश्नावली भरून घ्या. थांबलेली मुलं हाच तुमचा तुलनेचा गट, आणि पेपर शेवटी सगळ्यांनाच मिळतो, त्यामुळे अन्यायही नाही. मात्र ३० विरुद्ध ३० मध्ये फरक मोठा असला तरच सापडतो. दोन वर्षांची माहिती मिळून ६० विरुद्ध ६० झाली की साधारण अर्ध्या प्रमाण विचलनाएवढा (गुण सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं हे माप) फरक पकडता येतो. सातच्या मोजपट्टीवर विचलन १.४ असेल तर ०.७ गुण. पहिल्या वर्षी म्हणून प्राचार्यांना टक्केवारी देऊ नका, गुणांचा आलेख द्या.

शक्य असेल तर पदवीनंतर वर्षाने आणि चार वर्षांनी एक फोन करा. ट्युनिशियात २००९-१० पासून प्रबंधाऐवजी व्यवसाय आराखडा करण्याची सोय पदवीच्या विद्यार्थ्यांना चिठ्ठी पद्धतीने दिली होती. सुरुवातीला स्वयंरोजगार थोडा वाढला, एकूण रोजगार तेवढाच राहिला, आणि चार वर्षांनी पाहिलं तेव्हा ती वाढही ओसरली होती. पहिल्याच वर्षी मोजून थांबले असते तर वेगळंच चित्र उरलं असतं.

फिरता_माल

हजेरीसाठी केंद्राचं २०१९ चं उच्चशिक्षण संस्थांसाठीचं राष्ट्रीय नवोपक्रम आणि स्टार्टअप धोरण बघा. उद्योजक विद्यार्थ्याची हजेरी किमान मर्यादेपेक्षा कमी असली तरी संस्थेच्या परवानगीने परीक्षेला बसू द्यावं, सत्र किंवा वर्षाची सुट्टी द्यावी, कंपनी नोंदवायला कॉलेजचा पत्ता वापरू देण्याचा विचार करावा, असं त्यात आहे. पण ते मार्गदर्शक धोरण आहे. तुमच्या संस्थेने ते ठरावाने स्वीकारलं नसेल तर परीक्षा विभाग मान्य करणार नाही. तुमच्याकडे इन्स्टिट्यूशन्स इनोव्हेशन कौन्सिल (कॉलेजमधली नवोपक्रम समिती) असेल तर ठराव तिथून मांडा. पेपरमधली विक्री मात्र प्रात्यक्षिकाच्या तासांतच बसवा. दोन-दोन तासांचे तुकडे न करता बाजाराच्या दिवशी सलग चार तास मागून घ्या, आणि वेळापत्रक ठरवणाऱ्यांना तुमच्या गावचा आठवडी बाजार कोणत्या वारी असतो ते आत्ताच कळवून ठेवा.